हलका गेमिंग लॅपटॉप : खरी परीक्षा तिसाव्या मिनिटाला

पुण्याच्या खोलीत झकास चालणारा गेम मे महिन्यात कोकणातल्या वालावलला आल्यावर रडू लागतो. लॅपटॉप तोच, गेम तोच, सेटिंगही तीच. पहिली दहा मिनिटं सगळं सुरळीत चालतं. मग पंखा घोंघावायला लागतो, कीबोर्डच्या वरची पट्टी हाताला चटका देते आणि विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला पडद्यावरची शर्यतीची गाडी अडखळत धावू लागते. ओसरीवर बसलेली आजी म्हणते, “किती तापता रे ह्यो!” गेममधलं तिला काही कळत नसलं तरी निदान तिने अचूक केलेलं असतं.

दुसरं कोडं दुकानात भेटतं. शेजारी शेजारी दोन लॅपटॉप मांडलेले असतात आणि दोघांच्या पाटीवर ग्राफिक्स चिपचं नाव अगदी एकच असतं. एक अडीच किलोचा, जाडजूड. दुसरा दीड किलोचा, वहीसारखा सडपातळ आणि बराच महाग. जास्त पैसे मोजले म्हणजे वेगही जास्त मिळणार, असा आपला समज. प्रत्यक्षात गेम खेळताना बहुतेक वेळा तो जाडा स्वस्त लॅपटॉप पुढे जातो.

दोन्ही कोड्यांचं उत्तर एकच आहे : उष्णता. हलक्या गेमिंग लॅपटॉपची किंमत त्याच्या चिपच्या नावावरून करू नये. तो किती उष्णता, किती वेळ आणि कसल्या हवेत बाहेर टाकू शकतो, यावरून करावी. कोकण किनाऱ्यावर राहणाऱ्याने तर नक्कीच.

नाव एक, वॉट वेगळे

गेम म्हणजे भराभर काढलेली चित्रं. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एक चित्र काढायला १६.७ मिलिसेकंद मिळतात. १२० हवी असतील तर फक्त ८.३. गेममध्ये कोण कुठे आहे, गोळी कुणाला लागली, हा हिशेब मुख्य प्रोसेसर करतो. चित्र रंगवण्याचं कष्टाचं काम ग्राफिक्स चिपकडे असतं. ही चिप लॅपटॉपमधली सगळ्यात मोठी वीजखाऊ.

या चिपमध्ये गेलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णतेत बदलते. चिप काही उचलत नाही, फिरवत नाही. ती फक्त अब्जावधी सूक्ष्म बटणं चालू-बंद करते, आणि त्यात खर्च झालेल्या विजेला उष्णता होण्यावाचून दुसरा मार्ग नसतो. म्हणून ‘चिप १०० वॉट वीज घेते’ आणि ‘चिप १०० वॉटची शेगडी आहे’ ही दोन्ही वाक्यं सारखीच खरी.

मेख अशी की, चिपला किती वॉट द्यायचे हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. एनव्हिडियाच्या ‘आरटीएक्स ४०६०’ या लॅपटॉप-चिपचं उदाहरण घ्या. ३५ ते ११५ वॉट यांच्यामध्ये कुठेही ती बसवायची मुभा आहे. म्हणजे एकाच नावाच्या दोन चिपांपैकी एकीला दुसरीच्या तिप्पट खुराक मिळू शकतो. २०१७ मध्ये एनव्हिडियाने सडपातळ लॅपटॉपसाठी ‘मॅक्स-क्यू’ नावाची रचना आणली, तेव्हा कमी वॉटच्या चिपच्या नावापुढे ही अक्षरं असत आणि गिऱ्हाईक सावध होई. पुढे ती अक्षरं नावातून गेली. आता वॉटचा आकडा माहितीपत्रकाच्या बारीक अक्षरांत शोधावा लागतो. तिथे त्याला ‘टीजीपी’ म्हणतात, म्हणजे ग्राफिक्ससाठी राखलेली जास्तीत जास्त वीज. काही कंपन्या मूळ आकडा आणि वरची भर वेगळी सांगतात. २०२४ चा ‘एसूस आरओजी झेफिरस जी१४’ हा १४ इंची, दीड किलोचा लॅपटॉप घ्या. त्यातल्या आरटीएक्स ४०७० चिपला ६५ वॉट अधिक गरजेनुसार २५ वॉट, असे जास्तीत जास्त ९० वॉट मिळतात. जाड लॅपटॉपमध्ये हीच चिप अशी भर धरून १४० वॉटपर्यंत जाते.

डोण भरते तेव्हा

माडाच्या बागेत विहिरीजवळची डोण सगळ्यांनी पाहिलेली असते. पंपाची धार डोणीत पडते आणि डोणीच्या तोंडातून पाणी पाटाने माडांच्या आळ्यांकडे जातं. सुरुवातीला डोण रिकामी असते. पाणी चढू लागतं, तसा दाब वाढतो आणि तोंडातून अधिक जोराने पाणी बाहेर पडतं. जितकं आत येतं तितकंच बाहेर जाऊ लागलं, की पातळी एका जागी थांबते.

लॅपटॉपमध्ये हुबेहूब हेच घडतं. पंपाची धार म्हणजे चिपला मिळणारे वॉट, पाण्याची पातळी म्हणजे तापमान आणि डोणीचं तोंड म्हणजे थंड करणारी यंत्रणा. चिप जितकी तापेल तितकी उष्णता जोराने बाहेर पडते आणि कुठेतरी तोल साधतो. पण पंप मोठा आणि तोंड अरुंद असेल तर पाणी काठापर्यंत येतं. प्रोसेसरचा हा काठ साधारण ९५ ते १०० अंश सेल्सिअसला असतो, ग्राफिक्स चिपचा त्याहून थोडा खाली. काठ जवळ आला की चिप स्वतःच पंप मंद करते, म्हणजे आपला वेग कमी करते. यालाच ‘थर्मल थ्रॉटलिंग’ म्हणतात. हा बिघाड नाही, चिपने स्वतःला जळण्यापासून वाचवण्याची सोय आहे. आपल्याला मात्र ती अडखळणाऱ्या चित्राच्या रूपात दिसते.

पहिली दहा मिनिटं सगळं छान का चालतं, तेही इथेच उलगडतं. डोण भरायला वेळ लागतो. आतलं तांबं, ॲल्युमिनियम, बाहेरचं कवच हे सगळं तापेपर्यंत चिप पूर्ण वेगाने पळते. हलक्या लॅपटॉपमध्ये धातू कमी, म्हणजे डोणच लहान. आणि पंखे, पाती लहान, म्हणजे तोंडही अरुंद. म्हणून तो लवकर काठाला पोहोचतो. दुकानात पाच मिनिटं गेम चालवून दाखवणारा विक्रेता खोटं बोलत नसतो. तो फक्त अर्धी भरलेली डोण दाखवत असतो.

तांब्याच्या नळीतलं पाणी

चिपपासून पंख्यापर्यंत उष्णता नेण्याचं काम चपट्या तांब्याच्या नळ्या करतात. वरून त्या भरीव दिसतात, पण आत पोकळ असतात आणि त्यांत थोडंसं पाणी असतं. आतली हवा काढून घेतल्यामुळे ते पाणी शंभर अंशांच्या बरंच आधी उकळतं. चिपवरच्या टोकाला त्याची वाफ होते, वाफ थंड टोकाकडे धावते, तिथे पुन्हा पाणी होऊन उष्णता सोडते आणि नळीच्या आतल्या जाळीदार अस्तरातून झिरपत परत येते. हे चक्र अखंड चालू असतं, पंपाशिवाय. महागड्या सडपातळ लॅपटॉपमध्ये नळ्यांऐवजी याच तत्त्वावर चालणारी एक पसरट डबी असते, ‘व्हेपर चेंबर’. ती उष्णता जास्त क्षेत्रावर पसरवते.

पण नळी असो वा डबी, ती उष्णता फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी नेते. ती लॅपटॉपच्या बाहेर काढण्याचं काम हवेचंच. आणि हवा ढकलायला पंखा लागतो. पंखा बारीक झाला की तेवढीच हवा ढकलायला त्याला जास्त वेगाने फिरावं लागतं, म्हणून आवाज वाढतो. पातळ लॅपटॉपचा पंखा किंचाळतो आणि जाड्याचा घुमतो, त्याचं कारण हेच. लॅपटॉप गादीवर किंवा गोधडीवर ठेवला तर खालच्या जाळीतून हवा आत येणंच बंद होतं. लाकडी पाटावर किंवा टेबलावर ठेवून मागची बाजू इंचभर उचलली, तर काही पैसे न खर्चता तापमान उतरतं.

मग पातळ लॅपटॉप चालतात तरी कसे?

इथे भौतिकशास्त्र थोडी सूट देतं. चिप वेगाने पळवायची तर तिला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. चिपमध्ये खर्च होणारी वीज ही वेग आणि व्होल्टेजचा वर्ग यांच्या गुणाकाराप्रमाणे बदलते. समजा, वेग दहा टक्के कमी केला आणि त्याबरोबर व्होल्टेजही दहा टक्के उतरवता आलं. तर वीज लागेल ०.९ × ०.९ × ०.९, म्हणजे सुमारे ०.७३. वेग गेला दहा टक्के, पण उष्णता घटली सत्तावीस टक्के.

हा व्यवहार फायद्याचा आहे. वेगाच्या शिखरावरचे शेवटचे काही टक्के मिळवायला चिप बेसुमार वीज जाळते. ते टक्के सोडून दिले की लहानशा डोणीतही काम भागतं. ११५ वॉटची चिप ८०-९० वॉटवर आणली तर खेळणाऱ्याला फरक जाणवतो, पण वॉट जितके कमी झाले त्या मानाने वेग कमी होत नाही. चांगल्या हलक्या लॅपटॉपची सगळी कारागिरी या एका तडजोडीवर उभी आहे.

याच तत्त्वाचा उपयोग आपल्यालाही करता येतो. बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये ‘सायलेंट’, ‘बॅलन्स्ड’, ‘टर्बो’ असे मोड असतात. टर्बोवरून बॅलन्स्डवर यायला एक कळ दाबावी लागते. वेग थोडा जातो, आवाज आणि चटका बराच कमी होतो. सेकंदाला किती चित्रं काढायची यावर ६० ची मर्यादा घातली तरी हेच साधतं. चिपला विनाकारण ९० चित्रं काढायला लावायची नाहीत.

वालावलची हवा हिशेबात धरली तर

आता डोणीच्या पलीकडचा पाट पाहू. पाटात आधीच पाणी तुंबलेलं असेल तर डोण सावकाश रिकामी होते. लॅपटॉपसाठी हा पाट म्हणजे खोलीतली हवा. उष्णता किती जोराने बाहेर पडेल हे चिप आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं.

ढोबळ हिशेब करू. चिपला ९० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही असं धरा. वातानुकूलित खोलीत हवा २४ अंश, म्हणजे फरक ६६. मे महिन्यातल्या दुपारी वालावलच्या घरात हवा ३३ अंश, म्हणजे फरक ५७. सत्तावन्नला सहासष्टने भागलं तर उत्तर येतं सुमारे ०.८६. म्हणजे पहिल्या खोलीत जी यंत्रणा १०० वॉट बाहेर टाकत होती, ती इथे साधारण ८६ वॉटच टाकेल. जाड लॅपटॉपच्या तोंडात हे १४ वॉट सहन करण्याइतकी जागा असते. काठोकाठ बेतलेल्या पातळ लॅपटॉपमध्ये नसते. म्हणूनच एकाच लॅपटॉपबद्दल थंड प्रदेशातला समीक्षक एक सांगतो आणि आपल्याला येणारा अनुभव वेगळा असतो.

एक गैरसमज मात्र इथेच दूर करायला हवा. आपल्याकडची हवा दमट आहे म्हणून लॅपटॉप जास्त तापतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. दमट हवेत आपल्याला उकडतं, कारण घाम सुकत नाही. लॅपटॉपला घाम येत नाही. त्याला फक्त हवेचं तापमान कळतं. पण दमट हवेचा त्रास वेगळ्या वाटेने होतो.

मीठ, दव आणि तांबडी माती

वालावलच्या एका अंगाला कर्ली नदी, गावात लक्ष्मीनारायणाच्या देवळाला लागून मोठा तलाव, भोवती माडा-पोफळीच्या बागा. कर्ली पुढे देवबागजवळ समुद्राला मिळते. अशा मुलखात हवेत बाष्प तर असतंच, किनाऱ्याकडून वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कणही येतात. गेमिंग लॅपटॉपचा पंखा ही हवा तासन्‌तास आत ओढतो.

आषाढात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं हे प्रत्येक कोकणी घरात माहीत असतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी शोषून स्वतःच त्यात विरघळतं. पावसाळ्यात ही मर्यादा इथे रोज ओलांडली जाते. लॅपटॉपच्या आत बसलेल्या मिठाच्या कणांचंही तेच होतं. त्यांचा खारट ओलसर थर तयार होतो, तो वीज वाहू शकतो आणि तांब्याच्या बारीक जोडांना गंज चढवतो. यूएसबीच्या खोबणी, चार्जिंगचं तोंड, पंख्याचा दांडा ही त्याची आवडती ठिकाणं. किनाऱ्याजवळ जास्तीच्या वॉरंटीचा खर्च वाया जात नाही, तो यामुळे.

पावसाळ्यातला दुसरा धोका दवाचा. गणपतीला तुतारी एक्स्प्रेसच्या वातानुकूलित डब्यातून कुडाळ स्टेशनवर उतरल्यावर चष्म्याच्या काचा धुरकट होतात. बाहेर हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू २६ अंशांच्या आसपास येतो, म्हणजे २६ अंशांहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर पाणी जमणार. रात्रभर २३-२४ अंशांत राहिलेला लॅपटॉप त्या घटकेला असाच थंड पृष्ठभाग असतो, बाहेरूनही आणि आतूनही. घरी पोहोचताच सुरू करू नये. तासभर बॅगेतच ठेवावा. तो हवेच्या तापमानाला आला की दव धरत नाही.

याउलट, पावसाळाभर लॅपटॉप कपाटात बंद ठेवणंही वाईट. आठवड्यातून दोनदा तासभर चालवला तरी आतल्या ऊबेने ओल उडून जाते. आणि जांभ्या दगडाच्या मुलखातली तांबडी धूळ पंख्याच्या पात्यांत अडकून डोणीचं तोंड आणखी बुजवते. वर्षातून एकदा, शक्यतो मे महिन्याच्या आधी, पंखा साफ करून घ्यावा. खालचं झाकण साध्या स्क्रूंनी उघडतं का, हे खरेदी करतानाच विचारून ठेवावं.

वजन करताना ॲडॉप्टरही तागडीत

‘दीड किलो’ हा आकडा फक्त लॅपटॉपचा असतो. गेम खेळण्यासाठी लागणारा १८० ते २४० वॉटचा ॲडॉप्टर वायरीसकट आणखी अर्धा ते पाऊण किलो भरतो. हलकेपणा मोजायचा तर बॅग उचलून मोजावा.

यूएसबी-सी चार्जिंग असेल तर मात्र मोठी सोय होते. १०० वॉटचा चार्जर मुठीत मावतो आणि फोनलाही चालतो. लिहिणं, वाचणं, चित्रपट पाहणं, कोड लिहिणं याला तो पुरतो. गेमला तो अपुरा पडतो, कारण प्रोसेसर, ग्राफिक्स चिप आणि पडदा मिळून त्याहून जास्त वीज मागतात. दोन दिवसांच्या प्रवासाला छोटा चार्जर आणि महिन्याभराच्या सुट्टीला मोठा ॲडॉप्टर, असा विचार करता येतो.

वीज गेल्यावरचा हिशेब

१६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा जिल्ह्यातल्या कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. वादळ नसलं तरी पावसाळ्यात माडाची झावळी तारांवर पडायला वेळ लागत नाही. त्यामुळे बॅटरीचं गणित इथे महत्त्वाचं.

झेफिरस जी१४ ची बॅटरी ७३ वॉट-तासांची आहे. लिहिण्या-वाचण्यात लॅपटॉप १०-१२ वॉट घेत असेल तर सहा-सात तास चालेल. गेमसाठी ७० वॉट घेतले की तासाभरात संपेल. शिवाय बॅटरीवर वेगही कमी मिळतो. लॅपटॉपमधली बॅटरी साधारण १५ व्होल्टची. तिच्यातून १५० वॉट काढायचे तर १० अँपिअरचा प्रवाह लागतो. एवढ्या ओढीने बॅटरी तापते, तिचं आयुष्य घटतं. म्हणून वीज गेली की कंपनीची आज्ञावली चिपचे वॉट आपोआप उतरवते. ‘बॅटरीवर गेम’ ही जाहिरातीतलीच गोष्ट, असं धरून चालावं.

मोठी बॅटरी का देत नाहीत? एक कारण वजन, दुसरं विमान. प्रवाशाला विनापरवानगी बरोबर नेता येणाऱ्या लिथियम बॅटरीची मर्यादा १०० वॉट-तास आहे. त्यामुळे थोराड गेमिंग लॅपटॉपही ९९ वॉट-तासांवर थांबतात. चिपी विमानतळावरून जाणाऱ्यालाही हाच नियम.

घरच्या इन्व्हर्टरवर काय होईल? १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १८०० वॉट-तास साठवते. रूपांतरातली गळती आणि बॅटरी पूर्ण रिकामी न करण्याचं पथ्य पाळलं तर हजारेक हाती येतात. दोन पंखे आणि दिवे मिळून १७० वॉट आणि गेम चालू असलेला लॅपटॉप १५० वॉट घेत असेल, तर सगळ्यांचे मिळून तीन तास. इन्व्हर्टर ‘साइन वेव्ह’ प्रकारचा असावा. जुन्या ‘स्क्वेअर वेव्ह’ इन्व्हर्टरवर ॲडॉप्टर कुरकुरतो आणि तापतो.

कमी-जास्त दाबाची फार चिंता नको. ॲडॉप्टरवर ‘१०० ते २४० व्होल्ट’ असं छापलेलं असतं, म्हणजे दाब खाली आला तरी तो सांभाळून घेतो. खरा शत्रू वीज कडाडतानाचा क्षणिक उसळता दाब. वळवाचे ढग दिसले की प्लग काढावा. सर्ज प्रोटेक्टर लावलाच तर घराचं अर्थिंग नीट आहे याची खात्री करावी. अर्थिंगशिवाय तो उसळी सोडणार कुठे?

पडदा : देखणा, पण कामाला लावणारा

हलक्या महाग लॅपटॉपचा पडदा डोळ्यांत भरतो. झेफिरसचा ओएलईडी पडदा २८८० × १८०० ठिपक्यांचा, म्हणजे सुमारे ५२ लाख ठिपक्यांचा आहे. साधा १९२० × १२०० चा पडदा सुमारे २३ लाखांचा. प्रत्येक चित्रासाठी चिपला सव्वादोन पट ठिपके रंगवावे लागतात, आणि हे काम पडतं मुळात कमी वॉट मिळणाऱ्या चिपवर.

यावर उपाय म्हणून चित्र आधी लहान आकारात काढतात आणि मग हुशारीने मोठं करतात. एनव्हिडियाच्या अशा तंत्राला ‘डीएलएसएस’ आणि एएमडीच्या तंत्राला ‘एफएसआर’ म्हणतात. चित्राचा दर्जा फारसा न घटता काम हलकं होतं. ‘फ्रेम जनरेशन’ हे त्यापुढचं तंत्र दोन खऱ्या चित्रांमध्ये अंदाजाने एक चित्र घालतं. हालचाल गुळगुळीत दिसते, पण कळ दाबल्यावर पात्र किती लवकर हलतं हे खऱ्या चित्रांवरच ठरतं. म्हणून जाहिरातीत ‘सेकंदाला १५० चित्रं’ असं लिहिलेलं असेल तर त्यातली खरी किती, हे विचारावं.

ऑनलाइन गेममधल्या अडखळण्याचं खापर मात्र लॅपटॉपवर फोडू नये. मुंबईचा सर्व्हर ५०० किलोमीटरवर धरला तरी काचेच्या तारेतून प्रकाशाला तिथे पोहोचायला अडीच मिलिसेकंद पुरतात. उरलेला उशीर मोबाइल टॉवर, गर्दी आणि वळणावळणाच्या मार्गाचा. फायबरची जोडणी घेतली तर जुन्या लॅपटॉपवरही तो कमी होतो.

तपासणी कशी करायची?

समीक्षा वाचताना किंवा स्वतः पाहताना तीन प्रश्न धरून ठेवावेत : किती वेळ, किती वॉट, किती अंश?

पहिला प्रश्न वेळेचा. ‘थ्रीडीमार्क’ या चाचणीत एकच दृश्य सलग वीस वेळा चालवण्याची सोय आहे. सगळ्यात मंद फेरी सगळ्यात वेगवान फेरीच्या ९७ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर लॅपटॉप उत्तीर्ण. पहिल्या फेरीचा आकडा डोणीचा आकार सांगतो, विसाव्या फेरीचा आकडा तोंडाची रुंदी. ही सोय नसेल तर गेममधली अंगभूत चाचणी वापरावी. ‘सायबरपंक २०७७’ मध्ये ती आहे. ती पहिल्या मिनिटाला एकदा आणि अर्धा तास खेळून झाल्यावर पुन्हा चालवावी. दोन आकड्यांतला फरक पाच टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, वीस टक्क्यांच्या पुढे गेला तर नमस्कार करावा.

गेम निवडतानाही भान हवं. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) हा देखणा गेम मध्यम ताकदीच्या लॅपटॉपवरही चालतो. त्यावर दोन लॅपटॉपांतला फरक दिसणार नाही. परीक्षा अवघड गेमवर घ्यावी आणि मग आपण खरोखर कोणते गेम खेळतो ते आठवून निकाल लावावा.

दुसरा आणि तिसरा प्रश्न ‘एचडब्ल्यूइन्फो’ सारखं मोफत साधन सोडवतं. चिपला प्रत्यक्ष किती वॉट मिळतायत आणि तापमान किती, ते तिथे दिसतं. सरासरी वेगाबरोबर ‘एक टक्का नीचांक’ही पाहावा, म्हणजे सगळ्यात रेंगाळलेल्या एक टक्का चित्रांचा वेग. सरासरी ८० आणि नीचांक ३० असेल तर गेम अडखळतो. सरासरी ६५ आणि नीचांक ५५ असेल तर तो सुखाने चालतो.

शेवटी पोटातल्या वस्तू. बऱ्याच सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य पाटीवर कायमची जोडलेली असते. जी१४ च्या २०२४ च्या मॉडेलमध्येही तसंच आहे. नंतर वाढवता येणार नाही, तेव्हा पाच वर्षं वापरायचा तर ३२ जीबी आधीच घ्यावी. साठवणुकीची एसएसडी मात्र बहुधा बदलता येते.

चौकट : खरेदीपूर्वी सात गोष्टी

• ग्राफिक्स चिपचं नाव नव्हे, तिचे वॉट (टीजीपी) विचारा.
• पाच मिनिटांचा नव्हे, तीस मिनिटांनंतरचा वेग पाहा.
• समीक्षकाच्या खोलीचं तापमान आणि आपल्या घराचं तापमान यांतला फरक ध्यानात घ्या.
• वजन ॲडॉप्टरसह करा. यूएसबी-सी चार्जिंग आहे का ते पाहा.
• रॅम वाढवता येते का? येत नसेल तर आधीच जास्त घ्या.
• घरपोच दुरुस्तीची वॉरंटी आपल्या पिनकोडला लागू आहे का, हे लेखी घ्या.
• बॅटरी ८० टक्क्यांवर रोखण्याची सोय वापरा. सतत प्लगला लावलेली आणि तापलेली बॅटरी लवकर म्हातारी होते.

कोणी घ्यावा, कोणी घेऊ नये

लॅपटॉप वालावलच्या घरातच, एका टेबलावर राहणार असेल तर दीड किलोच्या यंत्रासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही. त्याच पैशात सव्वादोन-अडीच किलोचा, जास्त वॉटचा, रॅम वाढवता येणारा लॅपटॉप येतो. मेच्या उकाड्यात तो टिकून पळतो आणि धूळ साफ करायलाही सोपा जातो. हलकेपणा तिथे शोभेचा.

जो दर महिन्याला पुणे-कुडाळ करतो, दिवसा वर्गात किंवा कामावर लॅपटॉप खांद्यावर वागवतो आणि रात्री तास-दीड तास खेळतो, त्याच्यासाठी हलका लॅपटॉप योग्य. त्याने दहा-वीस टक्के वेग सोडून देण्याची तयारी ठेवावी आणि चिपची पायरी एकाने खाली निवडावी. कमी वॉटच्या लहान कवचात महागडी चिप कोंबण्यापेक्षा, त्या कवचाला पेलवणारी मधली चिप घेणं शहाणपणाचं. वरच्या चिपचे वाचलेले पैसे रॅम आणि वॉरंटीत घालावेत. या दोन गोष्टी उकाडा, मीठ आणि पाऊस यांच्याशी पाच वर्षं झुंजायला उपयोगी पडतात. चिपच्या नावातला एक आकडा पडत नाही.